पहिला घास आतड्याचा

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिचे वडील साताऱ्याला राहतात, वय ७४. जुलाबांमुळे त्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवावे लागले होते. घरी येऊन तीन आठवडे उलटले, जुलाबही थांबले, पण 'पोट अजून नाजूक आहे' म्हणून जेवणात भाताची पेज, साबुदाण्याची लापशी आणि चहा-बिस्किटे एवढेच चालू होते. वजन चार किलोंनी उतरले होते. मैत्रिणीने इथल्या दुकानात ग्लुटामाइनच्या पावडरीचा डबा पाहिला. आतड्याच्या अस्तरासाठी उपयुक्त, असे त्यावर लिहिले होते. ओळखीचे एक कुटुंब पुढच्या आठवड्यात पुण्याला निघाले होते. "त्यांच्या बॅगेत एक डबा देऊ का?" एवढाच तिचा प्रश्न.

आपल्यापैकी अनेकांनी असे डबे बॅगेतून पाठवलेले आहेत. पाठवावा की नाही, हे ठरवण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: आतडे स्वतः काय खाते?

वाढपी आधी जेवतो

शाळेत आपण शिकलो ते थोडक्यात असे. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. आपल्या प्रथिनांत २० प्रकारची अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी ९ शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांना अत्यावश्यक अमिनो आम्ले म्हणतात. जठरातले आम्ल आणि स्वादुपिंडाचा रस या माळा तोडतात, सुटे मणी आणि दोन-तीन मण्यांचे तुकडे लहान आतड्याच्या अस्तरातून आत शिरतात, तिथून रक्ताबरोबर यकृताकडे जातात आणि मग सगळ्या शरीराला वाटले जातात.

या वर्णनात आतडे म्हणजे नुसती चाळणी वाटते. आपल्या पंगतीत वाढपी सगळ्यांना वाढून शेवटी पानावर बसतो. आतड्याचा रिवाज नेमका उलटा आहे. ते आधी स्वतः जेवते आणि उरलेले पुढे वाढते.

त्याला तसे करावेच लागते. आतड्याचे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचे आहे आणि त्यातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडून त्यांच्या जागी नव्या येतात. या अस्तराचा पसारा टेनिसच्या मैदानाएवढा, असे जुन्या पुस्तकांत वाचले असेल. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या दोन संशोधकांनी हे गणित पुन्हा मांडले, तेव्हा तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या सगळ्या पचनमार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरले. म्हणजे साधारण ३४० चौरस फूट, मुंबईतल्या वन रूम किचनएवढे. पण एवढ्या जागेची फरशी दर आठवड्याला उखडून नवी बसवायची म्हटले, तर सामान किती लागेल याचा विचार करा. प्राण्यांवर केलेल्या मोजमापांत पचनमार्गाचे वजन शरीराच्या सुमारे ५ टक्के असते, पण शरीरात रोज होणाऱ्या प्रथिनांच्या घडामोडींपैकी २० ते ३५ टक्के घडामोडी तिथे चालतात.

जळण कोणते?

पेशींचे जळण म्हणजे ग्लुकोज, हे आपण गृहीत धरतो. आतड्याबद्दलही बराच काळ तसेच गृहीत धरले जात होते. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील विंडम्युलर आणि स्पेथ यांनी उंदरांच्या लहान आतड्यातून जाणाऱ्या रक्ताची तपासणी केली. आतड्यात शिरणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या रक्तात काय कमी झाले, हे त्यांनी मोजले. सर्वांत ठळक घट ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची होती. आतडे ते रक्तातून ओढून घेत होते आणि त्याचा मोठा भाग जाळून ऊर्जा मिळवत होते.

१९९० च्या दशकात ह्यूस्टनमध्ये पीटर रीड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: अन्नातून येणाऱ्या अमिनो आम्लांचे काय होते? त्यासाठी त्यांनी डुकराची पिल्ले निवडली, कारण त्यांचा पचनमार्ग माणसाच्या बाळाशी बराच मिळताजुळता असतो. कार्बनच्या जड अणूंची खूण केलेली अमिनो आम्ले पिल्लांना आहारातून दिली आणि आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात ती खूण किती उतरते ते पाहिले. ग्लुटामाइनचे जवळचे भावंड असलेले ग्लुटामेट जवळजवळ उतरलेच नाही. अन्नातल्या ग्लुटामेटपैकी सुमारे ९५ टक्के पहिल्याच फेरीत पचनमार्गाने संपवले होते. अत्यावश्यक अमिनो आम्लांचाही सुमारे एक तृतीयांश भाग त्याने स्वतःकडे ठेवला होता.

म्हणजे लहान आतड्याची चूल मुख्यतः ग्लुटामेट आणि ग्लुटामाइनवर चालते. मोठ्या आतड्याची गोष्ट वेगळी आहे. तिथले जिवाणू तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेट बनवतात आणि तिथल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात.

आता इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो: आतड्याला ग्लुटामाइन लागते, म्हणून ग्लुटामाइनची पावडर द्या. त्या डब्याची सगळी जाहिरात याच एका उडीवर उभी आहे. ती उडी आपण थोड्या वेळाने तपासू. त्याआधी आणखी दोन अमिनो आम्लांची ओळख करून घेऊ, कारण जळण मिळाले म्हणून घर दुरुस्त होत नाही.

चिकट पडदा आणि थ्रिओनीन

आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. अस्तर एका पेशीच्या जाडीचे, तरी ते आत का घुसत नाहीत? मधे चिकट श्लेष्म्याचा पडदा आहे म्हणून. तो अस्तरातल्या चंबूच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी सतत बनवत असतात. गोथेनबर्गच्याच दुसऱ्या एका गटाने २००८ मध्ये उंदरांच्या मोठ्या आतड्यात दाखवले, की या पडद्याचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू राहतात, पण आतल्या घट्ट थरात ते जवळजवळ नसतातच. हा पडदा ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे नाव म्युसिन-२. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन बनतच नाही, त्यांच्या मोठ्या आतड्याला आपोआप सूज येते.

म्युसिनची रचना खास आहे. त्याच्या मधल्या लांब भागात प्रोलिन, थ्रिओनीन आणि सेरीन ही तीन अमिनो आम्ले पुन्हा पुन्हा येतात. थ्रिओनीन आणि सेरीनवर साखरेच्या साखळ्या टांगलेल्या असतात. त्या पाणी धरून ठेवतात, म्हणून पडदा बुळबुळीत राहतो. यातले प्रोलिन आणि सेरीन शरीर स्वतः बनवू शकते. थ्रिओनीन बनवू शकत नाही.

मग आतड्याला थ्रिओनीन किती लागते? १९९८ मधल्या एका प्रयोगाने हे चांगले उघड केले. डुकराच्या पिल्लांच्या एका गटाला सगळे पोषण शिरेतून दिले आणि दुसऱ्या गटाला तेच पोषण थेट जठरात. शिरेतून पोषण घेणाऱ्या पिल्लांची थ्रिओनीनची गरज दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी भरली. म्हणजे तोंडावाटे खाल्लेल्या थ्रिओनीनचा अर्ध्याहून अधिक भाग आतड्याच्याच खाती जमा होतो. आणि म्युसिन पचत नसल्यामुळे त्यातला बराचसा परत मिळत नाही. उंदरांच्या आहारात थ्रिओनीन कमी केले, तर म्युसिनचे उत्पादन घटते, हेही दिसून आले आहे.

आता साताऱ्याच्या पेजेकडे वळू. प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १५ मिलिग्रॅम थ्रिओनीन लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ०.९ ग्रॅम. दिवसभरात १०० ग्रॅम तांदळाची पेज पोटात गेली, तर त्यातून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम पाव ग्रॅम थ्रिओनीन मिळते. साबुदाण्यात तर प्रथिने नावालाच असतात, तो जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. आजारातून उठलेल्या आतड्याला नवे अस्तर आणि नवा पडदा उभारायचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण प्रेमापोटी त्याचे सामान बंद करतो.

ज्वारी, मका आणि ट्रिप्टोफॅन

तिसरे अमिनो आम्ल ट्रिप्टोफॅन. शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते ट्रिप्टोफॅनपासून बनते. आतड्याची हालचाल नियंत्रित करण्यात त्याचा वाटा असतो. शिवाय सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून शरीर १ मिलिग्रॅम नायसिन हे जीवनसत्त्व बनवते. नायसिन आणि ट्रिप्टोफॅन दोन्ही कमी पडले की पेलाग्रा होतो. त्यात उन्हाच्या जागी कातडी काळवंडते, मन भ्रमते आणि जुलाब लागतात. तो आतड्याचाही आजार आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पेलाग्राने हजारो लोक मेले. तो संसर्गजन्य आहे अशी समजूत होती. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगात निरोगी कैद्यांना मुख्यतः मक्याचा आहार दिला. ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. शिक्षामाफीच्या बदल्यात कैद्यांवर केलेला हा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, पण दोष जंतूंचा नसून ताटाचा आहे, हे त्याने दाखवले. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असते आणि त्यातले नायसिन शरीराला सहज मिळत नाही.

आपल्या दख्खनच्या पठारावर हाच आजार ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत दिसत असे. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी एक मत मांडले. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या अतिरेकामुळे ट्रिप्टोफॅन आणि नायसिनचा ताळमेळ बिघडतो, असे ते मत होते. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण भाकरीला दोष देण्याचे कारण नाही. भाकरीबरोबर पिठले, उसळ, आमटी, ताक असेल तर तोल राखला जातो. आजार होता तो नुसत्या भाकरीवर राहावे लागण्याचा.

ट्रिप्टोफॅन आणि आतड्याची सूज यांचा थेट धागा २०१२ मध्ये सापडला. कोरोनाच्या काळात एसीई-२ हे नाव आपण सगळ्यांनी ऐकले. विषाणू याच प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो. पण लहान आतड्यात त्याचे एक रोजचे काम आहे: ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्ले आत घेणाऱ्या वाहकाला ते जागेवर धरून ठेवते. व्हिएन्नातील योसेफ पेनिंगर यांच्या गटाने ज्या उंदरांत एसीई-२ नाही, ते अभ्यासले. त्यांच्या रक्तात ट्रिप्टोफॅन कमी होते, आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बदलला होता, आणि आतड्याला इजा करणारे रसायन दिल्यावर त्यांना इतर उंदरांपेक्षा तीव्र सूज आली. आहारातून ट्रिप्टोफॅनची भरपाई केल्यावर ती आटोक्यात आली.

याच वाहकात जन्मजात दोष असलेली माणसेही असतात. १९५६ मध्ये लंडनमध्ये वर्णन झालेल्या या विकाराला हार्टनप विकार म्हणतात. गंमत अशी, की चांगला प्रथिनयुक्त आहार घेणाऱ्या अशा बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. दोन-तीन मण्यांचे तुकडे आत नेणारा दुसरा रस्ता त्यांच्या आतड्यात शाबूत असतो. सुटा मणी अडला, तरी माळेचा तुकडा आत जातो. अख्ख्या अन्नाचा सुट्या अमिनो आम्लापेक्षा हा एक फायदा आहे.

आता तो डबा

ग्लुटामाइन आतड्याचे जळण आहे, मग ते जास्त दिल्याने फायदा होतो का? हे माणसांवर तपासले गेले आहे, आणि उत्तर सावध करणारे आहे.

अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या रक्तात ग्लुटामाइन अनेकदा कमी असते. म्हणून एका मोठ्या चाचणीत एकाहून अधिक अवयव निकामी होत असलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांपैकी काहींना ग्लुटामाइनची मोठी मात्रा देण्यात आली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २८ दिवसांत ग्लुटामाइन मिळालेल्यांपैकी ३२.४ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी २७.२ टक्के. सहा महिन्यांनंतरही ग्लुटामाइनच्या गटात मृत्यू जास्तच होते. गंभीर भाजलेल्या सुमारे १२०० रुग्णांवरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अपाय दिसला नाही, पण फायदाही दिसला नाही. कमतरता दिसते म्हणजे भरपाई उपयोगी पडेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये १०६ रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. पोटाच्या संसर्गानंतर मागे लागलेला, जुलाबांचा त्रास देणारा आयबीएस या सर्वांना होता, आणि अस्तराची गळती वाढल्याचे तपासणीत दिसले होते. दिवसातून तीन वेळा ५ ग्रॅम ग्लुटामाइन आठ आठवडे घेतल्यावर सुमारे ८० टक्के जणांचा त्रास बराच कमी झाला. दिखाऊ पावडर घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण फक्त ६ टक्के होते. आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण चाचणी छोटी होती आणि रुग्ण निवडून घेतलेले होते. डॉक्टरांनी विशिष्ट रुग्णासाठी विचार करावा, असे हे औषध ठरू शकेल. सरसकट सगळ्यांच्या बॅगेत टाकण्याची ती वस्तू नाही.

मैत्रिणीच्या वडिलांचे जुलाब थांबलेले होते. त्यांच्या ताटात एका अमिनो आम्लाची नव्हे, सगळ्याच अमिनो आम्लांची टंचाई होती. एका रंगाचे मणी कितीही ओतले, तरी माळ पुरी होत नाही. शिवाय ग्लुटामाइन दुर्मीळही नाही. गव्हाच्या प्रथिनांत ग्लुटामाइन आणि ग्लुटामेट मिळून सुमारे एक तृतीयांश, दुधातल्या केसिनमध्ये सुमारे एक पंचमांश असते.

मग ताटात काय हवे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने लागतात. मुख्यतः धान्यावर भर असेल तर सुमारे १ ग्रॅम. वयस्कर माणसांसाठी अनेक तज्ज्ञ गट १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ६० किलोच्या आजोबांसाठी म्हणजे सुमारे ६० ते ७० ग्रॅम. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

हे घरच्या जेवणात बसते का ते पाहू. दोन्ही वेळची मिळून ५० ग्रॅम मुगाची डाळ म्हणजे १२ ग्रॅम प्रथिने. दोन वाट्या दही म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम, आणि अंडे चालत नसेल तर ६०-७० ग्रॅम पनीर. दिवसभराच्या पोळी-भातातून १६ ते १८ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्याचे कूट ७ ग्रॅम. बेरीज ६० च्या आसपास जाते.

तांदूळ आणि गव्हात लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनीन कमी असते, ते धान्यात पुरेसे असते. वरणभात एकमेकांची उणीव भरून काढतात. डाळ कशी खायची, यालाही महत्त्व आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेत खुणेच्या अमिनो आम्लांनी भारतीय प्रौढांवर केलेल्या मोजमापांत सालीसकट मुगापेक्षा सोललेल्या मुगातली अमिनो आम्ले सुमारे १० टक्क्यांनी जास्त पचली. आजारी माणसाला साल काढलेल्या मुगाचे वरण किंवा कढण देण्याची आपली रीत चांगलीच आहे. फक्त नुसते वरचे पाणी देऊन खालची डाळ मागे ठेवू नये.

जुलाबांनंतर दूध काही दिवस सोसत नाही, कारण दुधातली साखर पचवणारे विकर अस्तराबरोबर झडलेले असते. दही किंवा ताक बहुधा चालते. पहिला एखादा दिवस पेज आणि मीठ-साखरेचे पाणी योग्यच आहे, पण पुढे आठवड्यांमागून आठवडे आतड्याला 'विश्रांती' देणे त्याला मानवत नाही. शिरेतून पूर्ण पोषण मिळालेल्या प्राण्यांचेही आतडे रिकामे ठेवले, तर त्याचे अस्तर पातळ होत जाते.

मैत्रिणीला मी सांगितले, की वजन चार किलोंनी उतरणे ही आधी डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. दुसरे काही कारण नाही ना, हे पाहायला हवे. आणि त्यांची हरकत नसेल, तर पेजेत मुगाची डाळ शिजू दे, दुपारी दहीभात, संध्याकाळी मुगाचे मऊ धिरडे, असे हळूहळू वाढवत जाऊ दे. डबा तिने पाठवला नाही.

आपण आईवडिलांना रोज विचारतो, "जेवलात का?" ते "हो, जेवलो" म्हणतात आणि आपल्याला बरे वाटते. पुढच्या फोनवर एक प्रश्न आणखी विचारा: डाळ किती घेतली, दही किती घेतले? दूरच्या घरातले ताट आपल्याला दिसत नाही. पण त्यातला पहिला घास कोणाचा असतो आणि त्याला काय लागते, एवढे आता तुम्हाला माहीत आहे.